मामाची थायरॉईडची गोळी आणि पोटातली मोठी नस

मागच्या महिन्यात मामांची मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली, खडा राहिला बाजूला आणि रिपोर्टात भलतीच ओळ निघाली, पोटातली महाधमनी 3.4 सेंटीमीटर, ॲन्युरिझम. मामी म्हणाली हे काय आता नवीन.

सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागी फुगा येतो ना, तसंच. तिथलं रबर पातळ पडलेलं असतं म्हणून हवा भरली की तीच जागा फुगते, आणि जितकी फुगते तितका ताण वाढतो. पोटातली महाधमनी साधारण 2 सेंटीमीटर रुंद असते, 3 च्या वर गेली की ॲन्युरिझम म्हणतात. बहुतेकदा काही दुखत नाही, पण फुटलं तर जिवावर बेततं. आइनस्टाइन 1955 मध्ये यानंच गेले, त्याआधी 1948 मध्ये सर्जननी त्यांच्या फुग्याला चक्क सेलोफेन गुंडाळला होता!

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, थायरॉईडची गोळी कशी घेता? मामा म्हणाले चहासोबत, कधी राहते पण. आम्हाला कळेना, गळ्यातल्या ग्रंथीचा पोटातल्या नसेशी काय संबंध. तर थायरॉईड कमी पडलं की लिव्हर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही, रक्तवाहिन्या कडक होतात, खालचं बीपी वाढतं. आणि उलटं, थायरॉईड जास्त झालं किंवा गोळीचा डोस जास्त बसला तर हृदय जोरात पळतं, वरचं बीपी चढतं. म्हणजे दोन्हीकडून त्रास धमनीच्या भिंतीलाच. पण थायरॉईड आहे म्हणजे फुगा येणारच असं अजिबात नाही हां, उगाच घाबरून लगेच स्कॅन करायला पळू नका.

खरा गुन्हेगार वेगळाच आहे, तंबाखू. मामांनी पॉवरलूमवर तीस वर्षं बिडी ओढली, आणि आपल्या सोलापुरात बिडी काय घराघरात वळली जाते, तिला कोण वाईट म्हणणार! वय, पुरुष असणं, बीपी, घरात कुणाला असणं, हे सगळं त्यानंतर.

ऑपरेशनचा विचार पुरुषांत साधारण 5.5 सेंटीमीटरला करतात, त्यामुळे मामांना वर्षानं परत सोनोग्राफी सांगितलीय. बिडी बंद, बीपीची गोळी सुरू. थायरॉईडची गोळी आता पहाटे सहाला, उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत, आणि मग अर्धा तास मामा घड्याळाकडे बघत बसतात, समोर चहाचा कप झाकून ठेवलेला.