चर्चचा सगळा पैसा फॉरेनचाच? मग मिझोराम बघा

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं तोच फॉरवर्ड फिरतोय, भारतातली चर्चं म्हणे निव्वळ फॉरेनच्या पैशावर चालतात. काही संस्थांना येतो फॉरेन फंड, एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली त्याचा हिशोबही द्यावा लागतो, पण म्हणून सरसकट सगळ्यांना एकाच माळेत ओवायचं?

मिझोरामात प्रेस्बिटेरियन (ख्रिश्चनांमधला एक प्रोटेस्टंट पंथ) बायका 1910 पासून भात टाकायच्या आधी त्यातले मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात काढून ठेवतात, मग चर्चच्या बायका घरोघरी जाऊन ते गोळा करतात, विकतात आणि पैसा मिशनच्या कामाला जातो, याला बुहफाई थाम म्हणतात. मूठमूठ करून किती होणार असं वाटेल, पण वर्षाचा आकडा कोटींत जातो बरं का! आणि गंमत म्हणजे ब्रिटनमधल्या ज्या वेल्समधून तिथे मिशनरी आले, त्याच वेल्सला मिझो चर्चने उलट आपले मिशनरी धाडलेत.