हळदीचं बोट आणि टाकीवरचं जाळं

खंडेनवमीला आमच्या गल्लीत सकाळपासूनच गाड्या धुतल्या जातात. हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू आणि टाकीवर हळदी-कुंकवाची बोटं. एका वर्षी दसरा उरकल्यावर मी गाडी धुवायला काढली. बाथरूममध्ये कपड्यांची पावडर होती, तीच मूठभर बादलीत टाकली. फेसाचा हात टाकीवरून फिरवला आणि हळदीचा पिवळा ओघळ डोळ्यांदेखत लालभडक झाला. शेजारचा पोरगा ओरडला, "काका, रंग निघाला की गाडीचा!"

रंग निघाला नव्हता. हळदीतलं करक्युमिन साध्या पाण्यात पिवळं राहतं आणि अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या पदार्थात, लाल होतं. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जुनी रीत याच रसायनावर चालते. हळदीने मला गाडीबद्दल काही सांगितलं नव्हतं, पण साबणाबद्दल सगळं सांगून टाकलं होतं.

तेव्हापासून मी ही परीक्षा प्रत्येक बाटलीवर घेतो. पांढरा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, पट्ट्या कापायच्या आणि गाडीला वापरणार तेवढ्याच पाण्यात साबण कालवून एक थेंब त्यावर सोडायचा. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, त्यामुळे पट्टी लगेच लाल होते. असल्या पाण्याने एकदा गाडी धुतली म्हणून रंग उतरत नाही, पण रंगाच्या रक्षणासाठी आधी लावलेलं वॅक्स निघून जातं आणि इंजिनाचे उघडे ॲल्युमिनियमचे भाग काळवंडतात, कारण अल्कली ॲल्युमिनियमला खाते. भांड्यांच्या लिक्विडने पट्टी सहसा पिवळीच राहते. पण ते तूप-तेल सोडवण्यासाठीच बनवलेलं असल्याने वॅक्सलाही सोडत नाही. जुनं वॅक्स काढून नवं लावायचं असेल त्या दिवशी ते खुशाल वापरावं. एरवी गाडीचा शाम्पू बरा. त्याने पट्टी पिवळी राहते, आणि त्याचं खरं काम फेस करणं नसून बुळबुळीतपणा आणणं हे आहे. त्या बुळबुळीतपणाचं महत्त्व पुढे येईलच.

आपण नेमकं धुतो काय? टाकीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला पेंटर 'क्लिअर' किंवा 'लॅकर' म्हणतो. चमक सगळी त्या वरच्या थराची. त्याची जाडी साधारण 30 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. ऊन अडवणारी रसायनंही त्यातच असतात. जुन्या गाड्यांवर हा थर नसायचा. म्हणून तेव्हा पॉलिश केलं की फडक्यावर टाकीचा रंग उतरायचा. आता फडकं पांढरं राहतं आणि आपल्याला वाटतं की काहीच घासलं गेलं नाही.

घासलं जातंच. आपल्याकडचा सगळ्यात मोठा गुन्हेगार सीटखाली घडी घालून ठेवलेला असतो. सकाळी ऑफिसला निघताना जुन्या बनियनचं कोरडं फडकं टाकीवरून मारायचं, ही सवय घरोघरी आहे. कोल्हापूरच्या रस्त्यावरची धूळ कसली असते, ते बघा. आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. खडी त्याचीच आणि क्रशरची भुकटीही त्याचीच. त्यात फेल्डस्पार नावाचं खनिज भरपूर असतं. मोह्सच्या काठिण्यपट्टीवर ते 6 वर येतं, म्हणजे खिडकीच्या काचेवर ओरखडा काढण्याइतकं कठीण. शिरोली, गोकुळ शिरगावकडून येत असाल तर फाउंड्रीच्या साच्यांची वाळू आहेच. ती बहुतांशी क्वार्ट्झ, काठिण्य 7. हे कण टाकीवर बसलेत आणि आपण वरून कोरडं फडकं दाबून फिरवतोय. याला पॉलिश पेपर मारणं असंही म्हणता येईल.

परिणाम बघायचा असेल तर रात्री काळ्या किंवा गडद निळ्या टाकीवर मोबाइलचा टॉर्च मारा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक गोल वर्तुळं दिसतील. लोक म्हणतात, "गोल गोल पुसल्याने झालं, सरळ पुसायला हवं होतं." आता टॉर्च थोडा बाजूला सरकवा. जाळंही दिव्याबरोबर सरकतं! ओरखडे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. पण प्रत्येक ठिकाणी दिव्याकडे जाणाऱ्या रेषेला आडवे असलेलेच तेवढे प्रकाश आपल्या डोळ्यांकडे फेकतात. दिव्याभोवती सगळीकडचे आडवे तुकडे जोडले की वर्तुळ तयार होतं. ते वर्तुळ टाकीवर नसतंच. ओरखडे मात्र खरे असतात.

तेव्हा आधी पाणी, मग हात. गाडी सावलीत लावावी, इंजिन गार होऊ द्यावं आणि नळीने वरून पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. मग शाम्पूचा तो बुळबुळीतपणा कामाला येतो. उरलेला कण त्यात तरंगतो आणि रंगावरून घासत जाण्याऐवजी सरकतो. बादल्या दोन घ्याव्यात, एक शाम्पूची आणि दुसरी फडकं खळबळायला. दुसरीच्या तळाशी किती माती बसते ते एकदा बघा, म्हणजे एका बादलीवर परत जाणार नाही. फडकं मायक्रोफायबरचं हवं, कारण त्याचे चिरलेले धागे कण आत ओढून घेतात. चेन आणि चाकांचं फडकं वेगळं ठेवायचं. ते चुकून टाकीला लागलं तर केलेलं सगळं मातीत.

धुतल्यावर ओल्या टाकीवरून तळहात अलगद फिरवला आणि खरखर लागली, तर बहुधा ते लोखंड आहे. उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपसमोर दहा मिनिटं थांबा. ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, त्यातली प्रत्येक ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. तो रंगावर चिकटतो आणि पावसाळ्यात गंजतो. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात ते यामुळेच. साबणाने ते जात नाहीत. 'आयर्न रिमूव्हर' म्हणून मिळणाऱ्या द्रवात थायोग्लायकोलेट असतं. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की जांभळे ओघळ सुटतात. वास कुजक्या अंड्याचा, तेव्हा दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि गाडीवर सुकू न देता धुऊन टाका. पण आधी हाताला खरखर लागली पाहिजे. उगाच जांभळा रंग बघायची हौस म्हणून बाटली संपवू नये. (मी संपवली आहे.)

पाण्याचंही एक आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब उन्हात सुकला की क्षार त्याच्या कडेला गोळा होऊन पांढरी कडी उमटते. ताजी असताना पाणी घातलेल्या व्हिनेगरने ती विरघळते, नंतर साध्या पाण्याने धुवायची. पण टाकी लगेच कोरडी करणं त्याहून सोपं. पक्ष्याच्या विष्ठेला मात्र संध्याकाळपर्यंतही थांबू नये. उन्हात क्लिअरचा थर तापून थोडा मऊ होतो आणि गार होताना वाळलेल्या विष्ठेच्या खडबडीत आकाराला धरून घट्ट बसतो. तो ठसा मग धुण्याने जात नाही.

आता संरक्षण. वॉशिंगवाला शेवटी डिझेलचं फडकं मारून "बघा कशी चकाकली" म्हणतो, तेव्हा तेलाने बारीक ओरखडे तात्पुरते भरलेले असतात. चमक खरी, पण संध्याकाळपर्यंत त्याच तेलावर धूळ येऊन बसते आणि रबराचंही नुकसान होतं. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. ते काही आठवडे टिकतं आणि गडद रंगावर खुलतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण कृत्रिम रक्षक लेप, काही महिने टिकतं. आमच्या पावसाळ्याचा विचार केला तर जूनच्या आधी सीलंट, असं माझं मत.

सिरॅमिक कोटिंगवाले '9एच हार्डनेस' सांगतात आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात मोह्सची पट्टी येते, जिच्यावर हिरा 10 वर असतो. तो 9एच पेन्सिलीचा आहे. चित्रकलेच्या तासाला एचबी, 2बी वापरायचो ना, त्याच मालिकेतली कठीण टोकाची पेन्सिल. तिने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती. क्वार्ट्झच्या कणापुढे त्याचं काही चालत नाही. कोटिंग वाईट नाही. सिलिकावर आधारलेला तो पातळ थर रंगाला घट्ट धरतो, पाणी आणि चिखल सहज सोडतो, त्यामुळे घासावं कमी लागतं. फायदा तेवढाच. कोटिंग केलं म्हणून सीटखालचं फडकं परत काढलं, तर पैसे पाण्यात.

मॅट गाडीला यातलं वॅक्स-पॉलिश काही चालत नाही. तिचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो. तो घासून सपाट झाला की तिथे चकाकणारा डाग पडतो, आणि तो परत मॅट होत नाही. शिवाय मडगार्डच्या रंग न दिलेल्या काळ्या प्लास्टिकवर हळद बसली तर सहजी निघत नाही. ऊन करक्युमिन मोडतं, म्हणून गाडी दोन दिवस उन्हात ठेवली की डाग फिकट होतो.

गेल्या खंडेनवमीला हे सगळं आईला समजावून सांगितलं आणि म्हटलं, "आई, बोट टाकीवर नको, हेडलाइटच्या काचेवर ओढ." तिने शांतपणे ऐकून घेतलं, हेडलाइटवर ओढलं, आणि मग टाकीवरही ओढलं.