नॅनो कण : मोजायचे की तोलायचे? (पार्श्वभूमी)

कुठल्या मालाला ‘नॅनो’ म्हणायचं हा वाद निघाला की सगळे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो दाखवतात, पण कोलॉइडच्या (म्हणजे द्रवात तरंगत राहणाऱ्या अतिबारीक) कणांचा आकार काढायच्या कितीतरी पद्धती फोटोवर चालतच नाहीत, त्यात आधी कण आकाराप्रमाणे पांगवायचे आणि मग कोण कधी पोचलं त्यावरून साइज काढायची. १८६१ मध्ये कोलॉइड हा शब्द आला तेव्हा डायलिसिस होतं, पण त्यातून कळायचं एवढंच की पडद्यातून गेलं का अडकलं. खरं मोजमाप १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये अल्ट्रासेंट्रिफ्यूज (प्रचंड वेगाने फिरवून कण आकाराप्रमाणे तळाला बसवणारं यंत्र) आल्यावर जमलं. ते बनवणाऱ्याला १९२६ चं नोबेल मिळालं, आता लोकांना तो प्रोटीनमुळे आठवतो, पण सुरुवातीला त्यात सोन्याचं कोलॉइड फिरवलं होतं.

मग १९६६, फील्ड-फ्लो फ्रॅक्शनेशन, माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात सुंदर आयडिया. केसापेक्षा थोडी जाड, चपटी चॅनल, आत काही भरलेलं नाही. द्रव मधे जोरात वाहतो, भिंतीशी जवळजवळ थांबलेला, आणि आडवा जोर लावून कण भिंतीकडे ढकलायचे. बारीक कण डिफ्यूजनने, म्हणजे आपोआप पसरत, परत वर सरकतात, त्यांना वेगवान धार मिळते, ते आधी बाहेर. कण मायक्रॉनच्या (१००० नॅनोमीटर) आसपास गेले की हेच उलटं होतं, मोठा कण मुळातच धारेत डोकं वर काढून असतो म्हणून तो आधी येतो, आणि हे विसरून रिपोर्ट लिहिला की बोंब. १९७०च्या दशकात लेटेक्ससाठी (पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे कण) हायड्रोडायनॅमिक क्रोमॅटोग्राफी ही वाहत्या द्रवात कण वेगळे करायची आणखी एक पद्धत आली, तिथे तर मोठे आधी हाच नियम.

या सगळ्यात एक गोष्ट कॉमन आहे. शेवटी बसवलेला डिटेक्टर साधारणपणे वस्तुमान सांगतो नाहीतर विखुरलेला प्रकाश, कण कोणी एकेक करून मोजत नाही. आणि २०११ मध्ये युरोपात नॅनोमटेरियल कशाला म्हणायचं याच्या व्याख्येची शिफारस निघाली ती नेमकी संख्येवर : ५० टक्के किंवा जास्त कण १ ते १०० नॅनोमीटरमधले, तर ते नॅनो. वजनाने नाही, नगाने!

यातली गोम बघा. १००० नॅनोमीटरचा एक कण म्हणजे वजनात १० नॅनोमीटरचे १० लाख कण. म्हणजे पावडरीत वजनाने फक्त १ टक्का १० नॅनोमीटरवाले असले आणि बाकी सगळे १००० वाले, तरी संख्येने ९९.९ टक्क्यांहून जास्त माल नॅनो ठरतो. उलट बाजूने, वस्तुमानाच्या आलेखावरून संख्या काढायची तर व्यासाच्या घनाने भागायचं, म्हणजे बारीक टोकाला बेसलाइन (आलेखाची शून्याची रेघ) जराशी हलली तरी उत्तर कुठल्या कुठे. संख्येच्या व्याख्येचे समर्थक म्हणतात वजनावर गेलं तर बारीक कण मोठ्यांच्या सावलीत लपतात, आणि ते खोटं नाही, पण ज्यांच्या हातात सेंट्रिफ्यूज होतं त्यांचं गणित यात अवघड झालं हेही खरं.

त्यात गुठळ्यांचा घोळ वेगळाच. व्याख्या गुठळीतला प्रत्येक कण मोजा म्हणते, चॅनलमधून मात्र अख्खी गुठळी एकच कण म्हणून बाहेर येते. आधी सॅम्पलवर अल्ट्रासाउंड मारून गुठळ्या फोडायच्या, पण किती वेळ मारायचं यावरही आकडा हलतो, आणि जिथे कण एकमेकांत पक्के जुळलेत तिथे कितीही मारा.

२०२२ मध्ये व्याख्या सुधारली, काही केसेसमध्ये उंबरठा १ टक्क्यापर्यंत खाली आणायची मुभा काढून टाकली. ५० टक्के आणि संख्या मात्र तशीच ठेवली.