नकळत मोडलेले मणके

ऑस्टिओपोरोसिसला, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराला, जपानी भाषेत 'कोत्सुसोशोशो' म्हणतात. या लांबलचक शब्दातल्या एका अक्षराचा स्वतंत्र उच्चार 'सु' असा होतो, आणि जून झालेला मुळा चिरल्यावर त्याच्या गाभ्यात जी भोके दिसतात, त्यांनाही जपानी स्वयंपाकघरात 'सु'च म्हणतात. मुळा वरून धडधाकट दिसतो, आतली जाळी मात्र विरळ झालेली असते. हाडाचेही नेमके असेच होते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटले की जुने हाड कुरतडणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो आणि नवे हाड भरणाऱ्या पेशी मागे पडतात. जपानी स्त्रीचे सरासरी आयुर्मान सुमारे ८७ वर्षे असल्यामुळे ही झीज तिला पस्तीसेक वर्षे सोसावी लागते. एका मोठ्या पाहणीच्या आधारे जपानमधील रुग्णांची संख्या सुमारे १ कोटी २८ लाख धरली गेली होती. त्यांत ९८ लाख स्त्रिया होत्या.

तरीही एक कोडे आहे. गोऱ्या युरोपीय स्त्रियांच्या तुलनेत जपानी स्त्रियांच्या हाडांची घनता कमी भरते, पण खुबा मोडण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी आहे. मांडीच्या हाडाची आखूड मान, पडण्याचे कमी प्रमाण, तातामीवर (जमिनीवरच्या चटईवर) बसण्याउठण्याची सवय अशी कारणे सुचवली जातात. मणक्यांना मात्र ही सवलत नाही. ते खोकताना, ओझे उचलताना किंवा काहीच न करता दबतात आणि पुष्कळदा दुखतही नाहीत. जपानमध्ये याला 'इत्सुनोमानिका कोस्सेत्सु', म्हणजे 'कधी झाले ते न कळलेले अस्थिभंग', असे बोलीतले नाव पडले आहे. फळीवरचा डबा हाताला लागेनासा होतो, भिंतीला पाठ टेकून उभे राहिले तर डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नाही; घरच्यांना वाटते, वयच झाले. किरकोळ कारणाने मणका किंवा खुबा मोडला असेल, तर घनता कितीही असो, जपानी निकषांनुसार ते ऑस्टिओपोरोसिसच ठरते.

आहारात नात्तोचा बोलबाला फार. आंबवलेल्या सोयाबीनचा हा चिकट, तारा सुटणारा आणि (पहिल्यांदा खाणाऱ्याला) उग्र वासाचा पदार्थ के-२ जीवनसत्त्वाने समृद्ध आहे. हाडातील ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनाला कॅल्शियम धरून ठेवण्याजोगे करण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. नात्तो अधिक खाणाऱ्या पूर्व जपानात खुब्याचे अस्थिभंग पश्चिमेपेक्षा कमी आढळतात, हेही खरे. परंतु असा प्रादेशिक मेळ म्हणजे पुरावा नव्हे. के-२ चेच एक रूप जपानमध्ये १९९५ पासून औषध म्हणून दिले जाते. चार हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचणीत मात्र कॅल्शियमच्या जोडीला ते दिल्याने मणक्यांचे अस्थिभंग एकंदरीत कमी झाले नाहीत. नात्तो जरूर खावा, पण त्याला उपचार समजू नये, आणि वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी तर तो टाळलाच पाहिजे.

खरा आधार औषधांचा आहे. बिस्फॉस्फोनेट गटातील गोळ्या झीज रोखतात. त्या सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्यासोबत घेऊन निदान अर्धा तास आडवे न होण्याचे पथ्य पाळावे लागते. सक्रिय ड जीवनसत्त्वाचा वापर जपानइतका सर्रास फार थोड्या देशांत होतो. एल्डेकॅल्सिटॉल हे त्याचे रूप तिथे २०११ मध्ये आले. आठवड्यातून एकदा टोचायच्या टेरिपॅराटाइड या हाड भरणाऱ्या औषधाच्या जपानी चाचणीत ७२ आठवड्यांत मणक्याचे नवे अस्थिभंग ३.१ टक्के रुग्णांत झाले, तर औषधाविना १४.५ टक्क्यांत. हाड भरणारे आणि झीजही रोखणारे रोमोसोझुमॅब जगात सर्वप्रथम जानेवारी २०१९ मध्ये जपानमध्येच मंजूर झाले. अडचण सातत्याची आहे. दुखत नसलेल्या आजाराची गोळी बंद पडायला वेळ लागत नाही, आणि डेनोसुमॅबसारखे झीज रोखणारे इंजेक्शन पर्यायी औषधाविना थांबवले तर मणके एकामागून एक दबू शकतात.

म्हणून आता भर पहिल्या अस्थिभंगानंतर दुसरा टाळण्यावर आहे. परिचारिका, औषधनिर्माते आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांनी रुग्णाचा पाठपुरावा करण्याची पद्धत जपानमध्ये उभी राहिली असून खुबा मोडलेल्या रुग्णांच्या अशा देखरेखीसाठी २०२२ पासून आरोग्य विम्यातून रुग्णालयांना शुल्क मिळते. घरच्या घरी करायला एका पायावर मिनिटभर उभे राहण्याचा व्यायाम सांगितला जातो, अर्थात टेबलाचा आधार हाताशी ठेवून. चाळीस ते सत्तर वयाच्या स्त्रियांसाठी नगरपालिका दर पाच वर्षांनी हाडांची तपासणीही ठेवतात, पण तिथे पोचते ती साधारण वीस जणींतली एक. उरलेल्यांपैकी कित्येकींचा दबलेला मणका दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये दिसतो.