चार फोन, एक लगोरी

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीत (म्हणजे कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या जागेवर आभासी वस्तू दाखवणाऱ्या तंत्रात) चौघांनी मिळून लगोरी खेळायची, तर सगळ्यात अवघड काम म्हणजे सात ठिकऱ्या चौघांनाही एकाच जागी दिसणं. कॅमेरा आणि हालचाल टिपणारे सेन्सर यांच्या मदतीने फोन आपली जागा ओळखतो, पण अ‍ॅप जिथे सुरू झालं तोच स्वतःचा शून्य बिंदू धरतो. मग एकाला ठिकऱ्या शाळेच्या पायरीजवळ दिसतात, दुसऱ्याला हापशीवर.

क्लाउड अँकरने, म्हणजे सर्व्हरवर साठवलेल्या जागेच्या सामाईक खुणेने, हे जुळतं, पण त्याला इंटरनेट लागतं. रेंज नसलेल्या गावात छापील चित्र बरं: चौघांनी तेच स्कॅन करायचं आणि तोच सगळ्यांचा शून्य बिंदू धरायचा. बारकावे भरपूर, नक्षी कुठेही परत न येणारी, ए-३ कागद, प्लायवूडवर चिकटवलेला. लॅमिनेशन नको; ऊन चमकलं की चित्र ओळखू येत नाही. छापल्यावर रुंदी पट्टीने मोजून तोच आकडा अ‍ॅपमध्ये भरा. प्रिंटरने चित्र पाच टक्के लहान काढलं आणि ते एक मीटरवरून स्कॅन केलं, तर शून्य बिंदू पाच सेंटिमीटर सरकतो.

खरी गोची कोनाची. दिशा एका अंशाने चुकली तर १० मीटरवर १७ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे नेम हुकलाच. म्हणून ५ मीटर अंतरावर दोन चित्रं लावा आणि त्यांना जोडणारी रेषा दिशा म्हणून घ्या. दोन्ही केंद्रं २-२ सेंटिमीटर चुकली तरी कोन अर्ध्या अंशाच्या आत राहतो. वर कुठे आणि खाली कुठे, हे फोनला गुरुत्वाकर्षणावरून आधीच कळलेलं असतं.

खेळाची जागाही पारखून घ्यावी. नुकती चुना मारलेली भिंत फोनला कोरी दिसते. वाऱ्यावर हलणारी पऱ्हाटी तर फसवतेच, कारण जागा ओळखायला फोन जे ठिपके स्थिर धरतो तेच हलतात. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती मात्र झकास, एक भेग दुसरीसारखी नसते. दुपारी फोन तापतो, प्रोसेसर मंदावतो आणि ठिकऱ्या सरकू लागतात. खेळ सकाळीच उरकावा.

आता पंच. ठिकऱ्या कशा पडल्या याचं गणित प्रत्येक फोनने वेगळं केलं, तर दशांशातले बारीक फरक वाढत जाऊन चार वेगळे ढीग होतात. म्हणून ते एकाच फोनने करावं, तोच पंच; बाकीच्यांनी निकाल दाखवावा. फेकलेला चेंडू मात्र स्वतःच्या पडद्यावर लगेच उडाला पाहिजे, नाहीतर खेळ जड वाटतो. प्रत्येक खेळाडूच्या फोनची जागा आणि दिशा मिळून सात आकडे, २८ बाइट; सेकंदाला २० वेळा पाठवले तरी साधा हॉटस्पॉट पुरतो. इतरांची हालचाल १०० मिलिसेकंद मागून दाखवली, तर एखादं पॅकेट (पाठवलेल्या माहितीचा एक तुकडा) हरवलं तरी धक्का बसत नाही.

पंचाचा फोन शक्यतो न खेळणारा, कॅमेरा बंद असलेला ठेवा. दर सेकंदाला डावाची नक्कल दुसऱ्या फोनवर जाऊ द्या. बॅटरी संपली तरी तिथूनच डाव पुढे चालू करता येतो.