स्लोचा स्क्रू वेगळा, मिक्श्चरचा वेगळा

सिग्नलला थांबलं की जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी थरथरते, आचके देते आणि बंद पडते. गॅरेजमध्ये पोरगा बॉनेट उघडतो, कार्बोरेटरवरचा (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) एक स्क्रू पाऊण फेरा आत घेतो, इंजिन घोंघावतं. "स्लो वाढवलाय," म्हणतो. स्लो म्हणजे पाय न देता, उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग. मालक पैसे देऊन निघतो आणि महिन्याभरात ॲव्हरेज पडल्याची तक्रार घेऊन परत येतो. हे इतक्या गाड्यांवर पाहिलंय की आता चीड येते, कारण दुखणं एका स्क्रूचं आणि फिरवला जातो दुसराच.

स्लोचा स्क्रू बहुतेकांना ठाऊक असतो. तो थ्रॉटलच्या लिव्हरला टेकलेला असतो. आत घेतला की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी वाट उघडझाप करणारी, चकती जराशी उघडी राहते, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पायाचा हलका दाब दिल्यासारखंच.

मिक्श्चरचा स्क्रू कार्बोरेटरच्या बुडाशी, आडवा, सुईसारख्या टोकाचा. चकती जवळजवळ मिटलेली असते तेव्हा तिच्याखाली इंजिनची ओढ जबरदस्त असते. तिथल्या एका बारीक छिद्रातून पेट्रोल आणि हवेचा फेस आत ओढला जातो आणि त्या छिद्राचं तोंड ही सुई कमीजास्त करते. उभ्या गाडीचं इंजिन याच छिद्रावर जगतं. मेन जेटमधून, म्हणजे पळत्या गाडीला पेट्रोल देणाऱ्या मुख्य भोकातून, त्या वेळी काहीच येत नाही.

खरा घोळ पुढे आहे. चकतीच्या कडेला लागून, या छिद्राच्या किंचित वर, आणखी एकदोन छिद्रं असतात. पाय दिल्यापासून मेन जेट सुरू होईपर्यंत पेट्रोल कमी पडू नये म्हणून ती ठेवलेली असतात. स्लोचा स्क्रू फार आत गेला, की चकती उघडून ही छिद्रं खालच्या ओढीत येतात आणि गाडी उभी असतानाच पेट्रोल सोडू लागतात. मग पेट्रोल जास्त जळतं. पाय दिला की गाडी क्षणभर दम खाते, कारण त्या वेळी लागणारी रसद आधीच खर्ची पडलेली असते. चावी बंद केल्यावरही इंजिन फटफट करत काही सेकंद चालत राहतं. आणि मिक्श्चरचा स्क्रू कितीही फिरवा, इंजिनला काही फरकच पडत नाही.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. इंजिन नीट गरम करा, चोक (थंड इंजिन सुरू करताना ओढायचा खटका) पूर्ण आत ढकला आणि मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू आत घ्या. इंजिन धापा टाकत बंद पडलं पाहिजे. तरीही चालतच राहिलं, तर ते भलतीकडून पेट्रोल पितंय. स्लोचा स्क्रू मागे घ्या. मागे घेतल्यावर इंजिन चालूच राहत नसेल, तर बहुतेक वेळा स्लो जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल देणारं पितळी भोक, तुंबलेला असतो. तो काढून कॉम्प्रेसरची हवा मारा. जेटमध्ये तार घालणाऱ्याच्या हाती मी माझी गाडी कधीच देणार नाही. पितळेचं भोक तारेने मोठं होतं आणि मग जेट बदलण्यावाचून इलाज नसतो.

आता सेटिंग. मिक्श्चरचा स्क्रू अलगद शेवटपर्यंत आत घ्या, आवळू नका, सुईच्या टोकावर वळ पडतो. तिथून दीड फेरा बाहेर. इंजिन सुरू करून पाव पाव फेऱ्याने फिरवा, दर वेळी थोडं थांबा आणि जिथे ते सगळ्यात जलद आणि एकसारखं चालेल तिथे सोडा. मग स्लोच्या स्क्रूने वेग खाली आणा. पुन्हा मिक्श्चर, पुन्हा स्लो. एअर फिल्टर बसवलेलाच हवा. इग्निशनच्या पॉइंटची गॅप आणि व्हॉल्व्हचे टॅपेट आधी करून घ्या, ते वेगळं सांगायला नको.

मोटरसायकलवर हात बसलेले मेकॅनिक इथे हमखास चुकतात. अनेक मोटरसायकलींच्या कार्बोरेटरला एअर फिल्टरच्या बाजूला हवेचा स्क्रू असतो. तो आत घेतला की हवा कमी होऊन मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, होतं. पद्मिनीचा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो, तो आत घेतला की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, होतं. दोन्हींना "एअर स्क्रू" म्हणणं बंद व्हायला हवं.

दोन्ही स्क्रूंना गाडी दाद देत नसेल आणि स्लो वरखाली होत असेल, तर कुठूनतरी हवा शिरतेय. कार्बोरेटरखालचं पॅकिंग, व्हॅक्यूमचे पाइप आणि थ्रॉटलच्या दांड्याचं झिजलेलं बुश बघा. कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० मध्ये आणखी एक, स्लोचं पेट्रोल उघडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप. चावी दिल्यावर त्याची टिक ऐकू आली नाही, तर आधी त्याची वायर तपासा. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणाऱ्या एमपीएफआय गाडीत स्लो संगणक सांभाळतो, तिथे स्क्रूला हातच लावू नका.

सगळं झाल्यावर पीयूसीला सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा वाचून घ्या. पद्मिनीच्या काळातल्या पेट्रोल गाड्यांना मर्यादा ३ टक्क्यांची आहे. पास झाली म्हणून खूश होऊन निघू नका, आकडा लिहून आणा. शेजारी मिक्श्चरचा स्क्रू किती फेऱ्यांवर ठेवलाय तेही लिहा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी हात लावलाच, तर तुम्हाला कळेल.