संकासुराचा मृदंग, माजोर्ड्याचं व्हायोलिन

पार्श्वसंगीताचा इतिहास सांगायला बसलं की लोक थेट हॉलीवूड गाठतात. सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री देवळासमोर जागलेल्या माणसाला मात्र प्रसंग वाजवणं म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

दशावतार या इथल्या लोकनाट्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, संवाद उभ्या उभ्या सुचतील तसे. त्यामुळे पायपेटी, मृदंग आणि झांज सांभाळणाऱ्यांना नट पुढे काय बोलणार ते माहीत नसतं. त्यांची नजर त्याच्या पावलांवर. संकासुर राक्षसाच्या उड्यांना एक ठेका, राजाच्या प्रवेशाला दुसरा. युद्धात लय चढत जाते. विलाप सुरू झाला की मृदंगवाला हात आवरतो आणि पेटी नुसता सूर धरून राहते. हे आवरणंच अवघड.

मूकपटांच्या काळात पडद्यापुढे बसलेले तबला-पेटीवाले हेच करत. १९३१ साली चित्रपट बोलू लागला आणि संगीत म्हणजे गाणी असं होऊन बसलं. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ला गोविंदराव टेंब्यांचं संगीत, म्हणजे संगीत नाटकाचाच वारसा. पुढे १९३७च्या ‘कुंकू’त शांतारामबापू आणि केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीत बाजूला ठेवून घरातले, रस्त्यावरचे आवाज वापरले. माझ्या मते मराठी पडद्यावरचा त्या काळातला हा सर्वात धाडसी सांगीतिक निर्णय.

हे दोन्ही चित्रपट काढणाऱ्या ‘प्रभात’ कंपनीतच घडत होते संगीतकार वसंत देसाई. जन्म १९१२, कुडाळजवळचं सोनवडे, म्हणजे ऐन दशावताराचा मुलूख. पालगडच्या श्यामची गोष्ट १९५३ साली पडद्यावर आली, तिचं संगीत त्यांचंच. पण कथा वाद्याच्या तोंडी द्यायची कशी, हे पाहायचं तर ‘गूँज उठी शहनाई’ (१९५९). नायक शहनाईवादक, आणि त्याच्यासाठी फुंकणारे खुद्द बिस्मिल्ला खाँ. तिथे सनई म्हणजे नायकाचा दुसरा आवाजच.

किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडून दुसरीच विद्या आली. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चमधल्या शाळांत पोरांना सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवत. ती पोरं मोठी होऊन मुंबईत हॉटेलांच्या जॅझ बँडांत शिरली, तिथून स्टुडिओत. संगीतकार पेटीवर चाल सांगे; ती कागदावर उतरवून, वीस व्हायोलिनांना कोणी काय वाजवायचं ते लिहून देणारा अरेंजर बहुधा गोवेकर. नायिका वळून पाहते त्या क्षणी गाण्याखालून वेगळीच सुरावट सरकते ना, ते त्याचं काम. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझांनी असं अमाप लिहिलं. श्रेयनामावलीत असे लोक फार तर ‘सहायक’ म्हणून यायचे, पुष्कळदा तेही नाही. ही लबाडी नव्हती, धंद्याची रीतच होती, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही.

गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात शिष्याने गुरूचं पूर्ण नाव घातलं. प्रेक्षकांना ते अमिताभच्या पात्राचंच नाव वाटलं. तोवर गोन्साल्विस यांना सिनेमा सोडून बरीच वर्षं झाली होती.